डाव्या विंगच्या आतला मठार

गाडीच्या पुढच्या चाकावर जो पत्रा असतो, ज्याला इंग्लंडात विंग म्हणतात, त्याच्या आत खांद्यापर्यंत हात घालून मी जमिनीवर बसले होते. एकसष्टाव्या वर्षी, चांगला कोट घालून. गराजवाला ग्लेन दोनदा येऊन "यू ओके, मॅम?" विचारून गेला. मी त्याला हातानेच थांब म्हटलं. माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, हे आक्रीत आमच्या घरात कोणी ऐकलं तर पेढे वाटतील.

गाडी डॉक्टर आपट्यांची. डॉक्टर इथे कॅनडात ओकव्हिलला लेकच्या काठी राहतात, आयुष्यभर ऑपरेशनच्या आधी लोकांना भूल द्यायचं काम केलं, आणि रिटायर झाल्यावर ही गाडी घेतली. लांब नाकाची, गर्द हिरवी, हाताने बनवलेली ब्रिटिश स्पोर्ट्स कार. माझ्यापेक्षा थोडीशीच लहान. मंडळाच्या गणपतीत आरती संपली की डॉक्टर प्रसादाचा द्रोण हातात धरून त्या कंपनीचा इतिहास सांगायला लागतात. कंपनी कोणी काढली, कुठल्या शर्यतीत काय झालं, किती वेळा बुडाली, किती मालक बदलले. त्यांच्याकडे ह्या इतिहासाचं उशीएवढं जाड पुस्तक आहे. यंदा मी पटकन बोलून गेले, "डॉक्टर, माझे वडील होते त्या फॅक्टरीत."

"काय सांगतेस! कशात होते? डिझाइनमध्ये?"

"पत्रा ठोकायचे."

"अरे वा," डॉक्टर म्हणाले आणि द्रोणातला शिरा खायला लागले. पुस्तकात ते प्रकरण नसावं.

मग महिन्याभरात डॉक्टरांनी स्वतःच्याच गाडीवर स्वतःच्याच गराजचा दरवाजा पाडला. रिमोटचं बटण एकदा दाबलं, दरवाजा उघडला नाही असं वाटून पुन्हा दाबलं. व्हायचं तेच झालं. डाव्या विंगवर ताटाएवढा खड्डा पडला आणि मधोमध घडी. ग्लेनने गाडी आपल्या वर्कशॉपमध्ये आणून तपासली आणि निकाल दिला: "धिस फेंडर इज टोस्ट." विंगला इकडे फेंडर म्हणतात. कापून टाकायची आणि इंग्लंडहून नवी मागवायची, हल्ली मशीनवर दाबून अगदी तशीच्या तशी मिळते. डॉक्टरांनी मला फोन केला तो हळहळायला. मी बघायला आले ती केवळ हळहळीला हळहळ म्हणून. मंडळधर्म! आणि सहज, लहानपणची सवय म्हणून, विंगखाली हात घातला.

बोटांना खळगे लागले. उथळ, बोटाच्या पेराएवढे, एकाला एक चिकटून, ओळीने. दोन हलके, एक भारी. दोन हलके, एक भारी. ओळ संपली की दुसरी ओळ अर्ध्या खळग्याने सरकवून. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पुण्याच्या तांबट आळीत लहानाचा मोठा झालेला आणि मोटारीच्या फॅक्टरीत पोचलेला माणूस त्या कंपनीत एकच होता. त्या वेळी तो ब्रॅम्पटनला माझ्या घरी, खिडकीतल्या उन्हात बसून रेडिओवर भजनं ऐकत होता.

*

तांब्याची घागर कधी निरखून बघितली असेल तर तिच्या अंगावर चमकणाऱ्या टिकल्या आठवतील. त्यालाच मठार म्हणतात. घडवून झालेलं भांडं ऐरणीवर फिरवत फिरवत बारीक हातोडीने सगळ्या अंगावर ठोके द्यायचे. त्याने तांबं कडक होतं, पोचे पडत नाहीत, आणि उजेड पडला की भांडं लखलखतं. मठार नसलेलं भांडं म्हणजे आमच्याकडे अर्धवट काम. माझे वडील म्हणजे अण्णा; त्यांचे वडील म्हणत, मठार बघून सांगावं कोणाचा हात आहे. प्रत्येकाची लय वेगळी.

अण्णा नावाचा हा माणूस चोविसाव्या वर्षी इंग्लंडला गेला. का गेला, कसा गेला, ह्याच्या तीन गोष्टी आमच्या घरात आहेत आणि तिन्ही अण्णांनीच सांगितलेल्या असल्यामुळे मी एकीवरही विश्वास ठेवत नाही. पण पहिल्या आठवड्याची गोष्ट मात्र खरी, कारण ती आई सांगायची. अण्णांना पत्रा ठोकायला दिला. अॅल्युमिनियमचा, डाव्या विंगचा. अण्णांनी चार दिवस खपून आकार काढला, अगदी बरोब्बर. आणि मग पाचव्या दिवशी, काम पुरं करायचं म्हणून, बाहेरच्या अंगाने वरपासून खालपर्यंत मठार घातला. सगळी विंग घागरीसारखी चमकायला लागली. अण्णा बाजूला उभे राहिले, आता शाबासकी मिळणार म्हणून.

फोरमन मिस्टर हॅरिस आले, बघितलं, आणि टोपी काढून हातात धरली. सगळा शॉप गोळा झाला. आई सांगताना हसून हसून पदर तोंडात धरायची, पण अण्णा हसायचे नाहीत. त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं की! हॅरिससाहेब त्यांना एवढंच म्हणाले की आपल्याकडे हातोडी कुठे लागली ते कोणाला दिसता कामा नये. एकही ठोका दिसला तर काम नापास. अण्णांना हे कळेचना. एवढे हजारो ठोके मारायचे आणि एकही दाखवायचा नाही, मग लोकांना कळणार कसं माणसाने केलंय?

ती विंग भंगारात गेली. दुसरी विंग अण्णांनी बाहेरून आरशासारखी केली. आणि आतल्या बाजूने, जिथे फक्त चाकाचा चिखल उडतो, तिथे मठार घातला. हॅरिससाहेबांनी आत हात घातला, बराच वेळ चाचपलं, विंग पास केली आणि पुढे गेले. त्यानंतर तेरा वर्षं अण्णांनी जेवढ्या डाव्या विंगा केल्या, तेवढ्या आतून घागरी होत्या.

*

माझ्या लहानपणाला जळक्या साबणाचा वास आहे. लोकांच्या लहानपणाला मोगऱ्याचा असतो, वरणभाताचा असतो. माझ्या कपाळी हा. अॅल्युमिनियम ठोकता ठोकता कडक होतं, मग त्याला पुन्हा मऊ करायला भाजावं लागतं. पण तांब्यासारखं ते लाल होऊन इशारा देत नाही. क्षणापूर्वी ठणठणीत, क्षणात पाणी होऊन खाली. म्हणून पत्र्यावर अंग धुवायचा साबण घासायचा आणि ज्योत फिरवायची. साबण तपकिरी झाला की बस. काळा झाला की गेलंच. अण्णांच्या कोटाला, मफलरला, जेवणाच्या डब्याच्या कडीला तो वास असायचा. आई रोज नाक मुरडायची आणि रोज तो मफलर स्वतःच्या गळ्याला गुंडाळून वाळत घातलेले कपडे काढायला बाहेर जायची.

इंग्लंडातलं लहानसं गाव होतं. विटांची एकसारखी घरं, पावसाने कायम ओले दगड, आणि सकाळी साडेसातला फॅक्टरीचा भोंगा. भोंग्यावर सगळ्या गल्लीचं घड्याळ चालायचं. आई भोंग्यावर कुकर लावायची, शेजारची मिसेस डॉबसन भोंग्यावर कुत्र्याला बाहेर काढायची. दुपारी शाळेत बसल्या बसल्या वारा आमच्या बाजूला असला की पत्र्याच्या शॉपमधून ठोके ऐकू यायचे. पंचवीस-तीस माणसं एकदम ठोकत असताना मला अण्णांचे वेगळे काढता यायचे. दोन हलके, एक भारी. टीचर गणित शिकवायची आणि मी बाकावर बोटांनी तेच वाजवत बसायचे. गणित माझं अजून कच्चं आहे.

शनिवारी नव्या गाड्या ट्रायलला बाहेर निघत. आम्ही पोरं फाटकासमोरच्या भिंतीवर चढून बसायचो. काही गाड्यांना अजून रंगही नसायचा, नुसता उघडा पांढुरका पत्रा. एक गाडी दोन माणसांच्या हातची: डाव्या अंगाचा पत्रा एकाचा, उजव्याचा दुसऱ्याचा. म्हणून आमची भांडणं. "डावी आमची!" "उजवी आमच्या डॅडची!" डॉबसनांचा पीटर म्हणायचा उजवी जास्त चकचकीत आहे, आणि मी त्याला भिंतीवरून ढकललं होतं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. गाडी वळणावरून गुरगुरत गेली की मागे पेट्रोलचा आणि ओल्या गवताचा मिळून एक वास राहायचा. तो वास मी पुढे कितीदा शोधला. कुठल्याही पेट्रोल पंपावर नाही.

दिवाळीला अण्णा दोन-चार जणांना घरी बोलवायचे. आडदांड, लाल हातांची माणसं. चिवडा बशीत घेऊन चमच्याने खायची. आईने चिंचेने घासलेले तांब्याचे तांबे शेल्फवर मांडलेले असायचे. त्यातला एक उचलून ती माणसं उजेडात फिरवत राहायची, अंगठ्याने ठोके मोजत. भाषा धड जुळत नव्हती. पण तांब्याबद्दल त्यांना कोणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

मग एका हिवाळ्यात भोंगा वाजला नाही. डॉक्टरांच्या पुस्तकात त्याला कारणं असतील, आकडे असतील, मालकाचं नाव असेल. मला आठवतं ते एवढंच की आईने कुकर लावला नाही आणि ती हातात काडेपेटी धरून भोंग्याची वाट बघत उभी राहिली. मी तेव्हा दहा वर्षांची होते.

*

कॅनडात आल्यावर अण्णांना ओकव्हिलच्या मोठ्या मोटार कारखान्यात काम मिळालं. दारं ट्रकमधून आयती दाबून यायची. अण्णा ती गाडीला बसवायचे, एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. हातोडी लागत नव्हती. लागली तर काहीतरी बिघडलंय असा अर्थ. पहिल्या दिवशी ते घरी आले तेव्हा आईने सवयीने मफलर नाकाशी नेला आणि मग तसाच खुंटीला अडकवला. त्याला कसलाच वास नव्हता.

अण्णांनी कधी तक्रार केली नाही. बर्फ शोव्हल केलं, घर घेतलं, माझं लग्न केलं, आईला पोचवलं. मला मात्र कित्येक वर्षं झोप लागताना चुकल्यासारखं व्हायचं. कशाची तरी वाट बघतोय आणि ते येत नाहीये. मी डेंटल लॅबमध्ये कामाला लागले, पस्तीस वर्षं लोकांच्या दातांच्या कॅप घडवल्या. धातू वितळवायचा, ओतायचा, घासायचा, तांदळाएवढ्या जागेत. अण्णा म्हणायचे, "माझी पोरगी पण तांबटच, फक्त गिऱ्हाईकांची तोंडं लहान."

*

त्या संध्याकाळी मी घरात शिरले ती कोट न काढताच. "अण्णा, तुमची विंग सापडली."

अण्णा आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. काचबिंदूने डोळे गेले. उजेड आणि अंधार एवढंच कळतं. हात थरथरतो, चहाचा कप बशीवर वाजत राहतो. मी सगळं सांगितलं, दरवाजा, खड्डा, घडी, मठार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग? वाकली तर कापायची. नवी घालायची. त्यात काय एवढं?"

"अहो अण्णा, तुमच्या हातची आहे ती! जगात किती उरल्या असतील?"

"पोरी, जीव कामावर लावायचा असतो. मालावर नाही. माल गिऱ्हाइकाचा."

मला असा राग आला! एवढ्या लांबून, एवढ्या वर्षांनी स्वतःची विंग चालत घरी आली आणि हा माणूस म्हणतो कापा. "मी सरळ करणार आहे ती," मी म्हटलं. ठरवलं नव्हतं, पण बोलले आणि ठरलं.

अण्णांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "तू? घडी आतून उचलावी लागते. आतून ठोकायचं म्हणजे कुठे ठोकणार? माझ्या मठारावरच ना? वाचवायला निघालीस तेच पुसलं जाणार. मग वाचवणार काय तू?"

 रात्रभर मी कूस बदलत राहिले. व्हँकुव्हरला लेकीला फोन केला तर ती म्हणाली, "मॉम, इट्स अ फेंडर." बरोबर होतं तिचं. पण कापली तर सगळीच जाणार, ठोकली तर ताटाएवढी जागा जाणार आणि बाकीची राहणार, एवढा हिशोब मलाही कळत होता. मी ग्लेनकडे गेले, डॉक्टरांनाही तिथे बोलावून घेतलं आणि म्हटलं, मला दोन आठवडे दे.

ग्लेन भला माणूस. त्याने आधी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, "अगं, हे दाताचं काम नाहीये."

"नाहीच. दातात माणूस ओरडतो तरी. हा पत्रा मुकाट्याने फाटेल. म्हणून तर सांभाळून करीन."

ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी ग्लेन कटर लावणार, तोपर्यंत माझी मुदत, असं ठरलं. त्याने सरावाला एक जुना पत्रा दिला. पहिल्याच दिवशी साबण काळा झाला आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या पत्र्याला मुठीएवढं भोक पडलं. ग्लेनने लगेच दुसरा पत्रा आणून ठेवला, आणि ती दया मला चार शिव्यांपेक्षा जास्त लागली. घरी येऊन मी वरणाला फोडणी दिली ती इतक्या जोरात की अण्णांनी विचारलं, "भोक पडलं?"

"पडलं."

"साबण कुठला घेतलास?"

"ग्लेनचा. हातावर घ्यायचा, लिक्विड."

"अगं बाई!" अण्णा कपाळाला हात लावून हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले. "तो पातळ, लगेच करपतो. वडीचा घे. आणि आपल्या घरातला घे, ज्याचा रंग तुला माहीत आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "उद्या मलाही ने. नुसता बसेन."

*

तेव्हापासून रोजचा आमचा नेम झाला. सकाळी अण्णांना कानटोपी घालायची, वाटेत ड्राइव्ह-थ्रूमधून दोन डबल-डबल, म्हणजे दुप्पट साखर-क्रीमच्या, कॉफ्या घ्यायच्या, चारशेतीन नंबरच्या हायवेवरून ओकव्हिल. रस्त्याच्या कडेची मेपल लालभडक झालेली, अण्णांना ती दिसत नव्हती, म्हणून मी सांगायचे. "अजून लाल आहेत?" "आहेत." "मग वेळ आहे आपल्याला."

वर्कशॉपमध्ये ग्लेनने त्यांना हीटरजवळ खुर्ची दिली. चाक काढलेल्या पोकळीत मी बुटक्या स्टुलावर बसायचे, मान वाकडी, गुडघे छातीशी. ऐंशी टक्के काम आवाजावर चालतं हे मला तिथे कळलं. मी लाकडी हातोडा मारला की पत्रा मऊ असेपर्यंत आवाज थप येतो. ठोकून ठोकून कडक झाला की टण. हा फरक मला ऐकू यायच्या आधी अण्णांना यायचा. डोळे मिटून बसलेले असायचे, मला वाटायचं लागली झोप, तेवढ्यात, "थांब. कडक झालं. साबण." मी साबण घासायचे, ज्योत फिरवायचे. तपकिरी. पुन्हा थप. त्या वासाने पहिल्या दिवशी माझे डोळे भरून आले आणि नेमकी ज्योत हातात असल्यामुळे पुसताही येईनात.

घडीच्या वर पोचले तेव्हा अण्णांच्या मठारावर पहिला ठोका मारायची वेळ आली. माझा हात उठेना. बोटांनी ते खळगे चाचपत बसले. दोन हलके, एक भारी.

"काय झालं? आवाज नाही," अण्णा.

"काही नाही. बघतेय."

"बघून झालं की मार. मी तिथे नाहीये, इथे खुर्चीत आहे."

मी मारला. एक ओळ गेली, मग दुसरी. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? स्वतःच्या हाताने बापाचं अक्षर खोडल्यासारखं वाटलं. पण घडी हलली. केसाएवढी, पण हलली. ग्लेनने बाहेरून हात फिरवला आणि शिट्टी वाजवली.

नऊ दिवस लागले. डॉक्टर रोज दुपारी यायचे, आधी पुस्तक घेऊन, मग पुस्तकाशिवाय. अण्णांच्या शेजारी बसून विचारायचे, हॅरिससाहेब कसे होते, जेवणाची सुट्टी किती वेळ, उजवी विंग कोण करायचं. एकदा मी आत वाकलेली असताना ऐकलं, डॉक्टर म्हणत होते, "अण्णासाहेब, ही माहिती कुठेच नाही हो." अण्णा म्हणाले, "कुठे असणार? आम्ही आतल्या बाजूला होतो."

शेवटच्या शनिवारी बाहेरचा पत्रा आरशासारखा उतरला होता. ग्लेन, डॉक्टर, सगळे खूश. ग्लेनने कटरचं नावही काढलं नाही. सोमवारी रंगाची तयारी सुरू करतो म्हणाला. मला सुटल्यासारखं झालं. मी हातोडी खाली ठेवली.

"झालं?" अण्णांनी विचारलं.

"झालं, अण्णा. बाहेरून बोट फिरवून कळत नाही."

"आतून?"

आतून ताटाएवढी जागा बोडकी होती. सभोवार त्यांचा मठार आणि मध्ये काहीच नाही. मी तसं सांगितलं.

"मग अर्धवट काम आहे. मठार घाल."

ग्लेनला कळल्यावर त्याचा चेहरा पडला. आतून ठोकायचं म्हणजे बाहेरून कोणीतरी गुळगुळीत लोखंडी ठोकळा पत्र्याला घट्ट टेकवून धरायचा. ठोकळा तांदूळभर सरकला तर बाहेर पुटकुळी येणार. नऊ दिवसांचं काम पाण्यात. आतून कोण बघतंय? "नोबडी विल एव्हर सी इट, मॅम."

त्याचं खरं होतं. मी अण्णांकडे बघितलं, मग त्या बोडक्या जागेवर पुन्हा हात ठेवला. हजारो ठोके मारले होते मी, आणि माझा एकही कुठे दिसत नव्हता. बाहेर दिसू नये म्हणून पुसले, आत अजून घातले नव्हते. मला एकदम ते हवेसे वाटले. अण्णांसाठी नाही. मला हवे होते.

"तुमच्यासारखा घालू? दोन हलके, एक भारी?"

"छे! नक्कल लगेच कळते. तुझा हात जसा पडेल तसा पडू दे."

"ठोकळा ग्लेन धरेल."

"ग्लेनला माहीत नाही ठोका कुठे पडणार. मला आवाजावरून कळेल." अण्णा खुर्चीतून उठले. "मला द्या तो इकडे."

कोणीच हललं नाही. सगळ्यांनी त्यांचा कॉफीचा कप थरथरताना नऊ दिवस बघितला होता. ग्लेनने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, नको. डॉक्टर मराठीत म्हणाले, "अगं, रिस्क नको घेऊस. त्यांनाच नंतर वाईट वाटेल."  पुटकुळी आली तर ती अण्णांच्या हाताने येणार, त्यांच्याच विंगवर, आणि आंधळ्या माणसाला ती बोटाने पहिल्यांदा कळणार.

मी ठोकळा उचलला, फडक्याने पुसला आणि अण्णांच्या हातात दिला. वजनाने त्यांचा हात खाली गेला, मग वर आला. मी त्यांना धरून विंगपाशी नेलं, ठोकळा जागेवर टेकवला, आणि त्यांनी दुसरा तळवा त्यावर दाबला, अंगाचा सगळा भार घालून. थरथर थांबली की नाही, ते मला कळायला मार्ग नव्हता. मी पोकळीत शिरले. तिथून मला फक्त त्यांचे बूट दिसत होते.

"अण्णा, धरलंय ना नीट?"

"चोवीस वर्षांचा असल्यापासून धरतोय. मार."

मी श्वास धरला आणि मारला. भरीव आवाज आला, घागरीवर येतो तसा. बाहेर ग्लेनने पत्र्यावरून बोट फिरवल्याची खसखस ऐकू आली, आणि पाठोपाठ त्याची ती शिट्टी.

"पुढचा," अण्णा म्हणाले.